न उठणारं बोट

"उचल!" बाबा गरजले.

अख्खी गल्ली श्वास रोखून पाववाल्याच्या बोटाकडे बघत होती. ही हातमोजे शिवणाऱ्यांची गल्ली. एरवी या वेळी शिवणयंत्रांच्या खडखडाटात शेजारच्याची शिंकही ऐकू यायची नाही. आज मात्र सगळी यंत्रं गप्प होती. कारागीर कामं टाकून आले होते, बायका कडेवर पोरं घेऊन आल्या होत्या, आणि पत्रं टाकायला आलेला पोस्टमन पत्रं टाकायचं विसरून टाचा उंच करून उभा होता.

मधोमध मखमलीचं स्टूल. त्यावर पाववाल्याचा हात पालथा ठेवलेला. मधलं बोट आत दुमडलेलं, बाकीच्यांची टोकं टेकवलेली. स्टुलापलीकडे पांढऱ्याशुभ्र झग्यात बोटबाबा.

"अंगठा उचल! उचलला. अंगठा म्हणजे अहंकार, तो सगळ्यांचाच उठतो! तर्जनी उचल! उचलली. तर्जनी म्हणजे दुसऱ्याची चूक, ती तर न सांगता उठते! करंगळी उचल! उचलली. करंगळी म्हणजे चहा पिताना मिरवायची ऐट. आता अंगठीचं बोट! त्याची शीर थेट काळजाला जाते. मन साफ असेल तर उठेल. उचल!"

पाववाल्याने दात-ओठ खाल्ले. कपाळावर शिरा तटतटल्या. कान लाल झाले. बोट तसूभर हललं नाही.

"मनात काय दडवलंयस?" बाबांनी डोळे बारीक करून विचारलं, आणि गप्प बसले.

बाबांची खरी हुशारी या गप्प बसण्यात होती. समोरचा माणूस स्वतःच शोधाशोध करायचा आणि काहीतरी काढून द्यायचा. पाववाला हुंदका देऊन म्हणाला, "बाबा, पाव वजनाला कमी भरतो! आतून पोकळ ठेवतो!"

"वाऽऽ!" गल्लीने एकमुखाने तोंडात बोट घातलं.

"डोंबल तुमचं!" वरच्या खिडकीतून आवाज आला. "त्याचे पाव पोकळ असतात हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. रोज खातो की!"

खिडकीतल्या त्या म्हणजे आत्या. गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या हातमोज्यांच्या कारखान्याच्या मालकाची थोरली बहीण. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. भाचीची आत्या म्हणून सगळ्या गल्लीची आत्या, पोस्टमनचीसुद्धा. आवाज वर्गातला, भांडणात दोन गल्ल्या पलीकडे जायचा. पण आज कुणी वर बघितलंही नाही. लोकांना चमत्कार हवा होता, आत्या नको होत्या.

आता तुम्ही म्हणाल, हातमोजेवाले एवढे कसे फसले? दिवसभर बोटांशीच तर काम त्यांचं! तिथेच तर गोम होती. बोटाची लांबी, जाडी, पेरांची गोलाई, कुणाचा अंगठा फताडा, कुणाची करंगळी वाकडी, सगळं त्यांना तोंडपाठ. त्यामुळे बोटांबद्दल आपल्याला न कळणारं काही असेल, तर ते दैवीच असणार, अशी त्यांची ठाम समजूत. हाताचं कातडं संपतं तिथे त्यांचं ज्ञान संपायचं.

आणि यात सगळ्यात पुढे होते खुद्द मालक.

"ताई, तीस वर्षं मापं घेतोय मी," ते जिना चढून वर येत आत्यांना म्हणाले. "बोट खोटं बोलत नाही."

"बोट बोलतच नाही, बाळ्या," आत्या म्हणाल्या. मालक पन्नाशी उलटलेले, पोट सुटलेले. पण आत्यांच्या लेखी ते अजून बाळ्याच होते. "आणि काय करायचंय ते कर, पण माझ्या चिऊच्या लग्नात या झगेवाल्याला आणू नकोस."

मालकांनी मान खाली घातली. आत्या खिडकीतून वळल्या. "बाळ्या, काय केलंस?"

"घड्याळजीला उद्या बोलावलंय. नुसती खात्री म्हणून."

चिऊ म्हणजे मालकांची एकुलती एक लेक. कारखान्यात बोटांच्या बेचक्या शिवायचं सगळ्यात नाजूक काम तिचं. आणि घड्याळजी म्हणजे कोपऱ्यावरच्या टीचभर दुकानात डोळ्याला भिंग लावून बसणारा, लाजाळू, सरळमार्गी पोरगा. त्याच्या दुकानात चिऊचं मनगटी घड्याळ इतक्या वेळा बिघडून गेलं होतं, की शेवटी त्याचं त्यालाच कळलं. लग्न ठरलं होतं, अंगठ्या घडवून आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी घड्याळजीचा हात मखमलीच्या स्टुलावर आला. केसाएवढी स्प्रिंग बसवणारा हात तो. मधलं बोट दुमडलं. अंगठा उठला, तर्जनी उठली, करंगळी उठली.

"अंगठीचं बोट, उचल!"

नाही उठलं.

"अरेरे!" बाबांनी डोळे मिटून मान हलवली. "याच्या बोटात आधीच कुणाची तरी अंगठी आहे. न दिसणारी! काळीज दुसरीकडे गुंतलेलं आहे."

"कोण ती?" मालक ओरडले.

घड्याळजी खरोखरच मनात शोधायला लागला. "मला... मला नाही आठवत," तो म्हणाला.

बिचाऱ्याला 'कुणीच नाही' एवढं साधं उत्तर सुचू नये! गर्दीत कुजबुज झाली. "आठवत नाही म्हणतोय, म्हणजे बऱ्याच असतील." त्याच्यामागून ठोक व्यापारी आला, ज्याने लबाडी करण्यात हयात घालवली होती. त्याचं बोट टुणकन उठलं. गल्लीने टाळ्या वाजवल्या. संध्याकाळपर्यंत लग्न मोडलं होतं.

चिऊ स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत होती. "आत्या, त्याने 'कुणी नाही' असं का म्हटलं नाही गं? एवढंच म्हणायचं होतं. आता तो दुकान बंद करून बहिणीच्या गावी चाललाय. सोमवारी जाणार." तिने डोळे पुसले आणि हळूच म्हणाली, "पण समजा, खरंच कुणी असेल तर?"

आत्यांना घड्याळजीचा राग आला नाही, बाळ्याचाही आला नाही. या प्रश्नाचा मात्र भयंकर राग आला. ज्या पोरीला त्यांनी 'का?' विचारायला शिकवलं, तिच्या मनात त्या झगेवाल्याने 'कोण?' पेरलं होतं.

"बस इथे," त्यांनी खुर्ची ओढली. "काय मोठा चमत्कार! हे बघ, मी दाखवते." त्यांनी टेबलावर हात पालथा ठेवला, मधलं बोट दुमडलं. अंगठा उठला. तर्जनी उठली. करंगळी उठली.

अंगठीचं बोट उठेना.

आत्यांनी जोर लावला. खांदा उचलला, भुवया उचलल्या, पायाचा अंगठासुद्धा उचलला. बोट ढिम्म.

"आत्या!" चिऊचं रडणं थांबलं. "तुझ्या मनात कोण आहे?"

"गप्प बस!" आत्या म्हणाल्या, पण चेहरा उतरला होता. या वयात, सगळं आयुष्य फळ्यासमोर काढल्यावर, आपलं काळीज कुठे गुंतलंय म्हणे? क्षणभर त्यांना शाळेतले चित्रकलेचे मास्तर आठवले आणि त्या स्वतःवरच चिडल्या. मग चिऊने हात ठेवला. तिचंही बोट उठलं नाही.

"सगळी गल्ली बोलाव," आत्या म्हणाल्या.

सगळी गल्ली नाही, पण दारात जो सापडला त्याला टेबलाशी बसवण्यात आलं. दूधवाल्याचं उठलं नाही. पोस्टमनचं उठलं नाही. शेजारची चार वर्षांची ठमी आली, तिचं मधलं बोट आत्यांनी स्वतः दुमडून धरलं. तिचंही उठलं नाही.

"ठमे, मनात काही खोटं आहे का गं?"

ठमीने बराच विचार केला. "मी साखर खाल्ली."

"छान. म्हणजे या गल्लीत सगळे बदमाश, आणि साफ मनाचा एकटा ठोक व्यापारी!" आत्यांचा चेहरा उजळला. आता हा पापाचा प्रश्न राहिला नव्हता, विज्ञानाचा झाला होता, आणि तिथे त्या कुणाला घाबरत नव्हत्या. "चिऊ, चपला घाल. आपल्याला कोंबडीचा पाय हवाय."

कोपऱ्यावरच्या खाटकाने पाय कापून दिला. आत्यांनी तिथेच कापलेल्या टोकातून डोकावणारी पांढरी दोरी चिमटीत धरली आणि ओढली. पायाची बोटं सगळी एकदम आवळली. सोडली, बोटं सैल पडली. पुन्हा ओढली, पुन्हा आवळली. मेलेला पाय आत्यांना टाटा करायला लागला.

"ई!" चिऊ म्हणाली आणि लगेच, "मला दे ना."

"बघितलंस? कोंबडी नाही, काळीज नाही, मन नाही, आणि बोटं हलतायत!" आत्या भर दुकानात ओरडल्या. गिऱ्हाईकं दोन पावलं मागे सरली. "बोटांत मांस नसतंच गं हलवायला. हलवणारे दांडगे स्नायू इथे, कोपराच्या खाली. हात धर माझा. मी बोटं हलवते. लागलं हाताला?"

चिऊने आत्यांच्या कोपराखाली हात धरला. आत्यांनी हवेत पेटी वाजवावी तशी बोटं नाचवली. कातडीखाली काहीतरी सरसर सरकत होतं.

"अय्या! उंदीर पळतायत!"

"तिथून दोऱ्या निघतात, मनगटातून जातात आणि बोटांना ओढतात. कठपुतळीच म्हण ना. आता मागच्या बाजूच्या, बोटं उचलणाऱ्या दोऱ्या बघ." आत्यांनी चिऊचा हात उलटा केला. "चार बोटांना मिळून एकच मोठा स्नायू, त्याच्या चार दोऱ्या. तर्जनीला आणि करंगळीला त्याशिवाय एकेक जास्तीचा नोकर. म्हणून त्या कधीही उठतात. अंगठ्याचा तर संसारच वेगळा. मधल्याला आणि अंगठीच्या बोटाला मात्र वेगळं कुणी नाही. त्यात या दोघांच्या दोऱ्या हाताच्या पाठीवर आडव्या पट्टीने एकमेकींना बांधलेल्या. मधलं दुमडलं की त्याची दोरी पुढे खेचली जाते आणि शेजारणीलाही अडकवून ठेवते. मग बोलव काळजाला नाहीतर काळजाच्या काकाला, ते बोट कसं उठणार?"

चिऊने स्वतःचं मधलं बोट दुमडून, सोडून पाहिलं. मग तिने असा प्रश्न विचारला, की आत्यांना तिला मिठी मारावीशी वाटली.

"मग व्यापाऱ्याचं कसं उठलं?"

हे शोधायला आत्या दुसऱ्या दिवशी स्वतः रांगेत उभ्या राहिल्या. बाबा बोट न उठलेल्यांना 'मोकळीक तेल' विकायचे: रात्रभर चोळा, उद्या पुन्हा या, बोट उठेल. आत्यांनीही बाटली घेतली, झाकण उघडून वास घेतला आणि खोकल्या. वर गुलाबाचा भपका, पण खाली ओळखीचा वास. शिवणयंत्रात घालायचं तेल! गल्लीत कुणाला ओळखू आलं नाही, कारण त्या वासात सगळे जन्मले होते.

मग त्यांनी नजर हातांवर ठेवली. पहिल्यांदा येणाऱ्याला बाबा म्हणत, "मधलं बोट दुमड." तेल लावून परत आलेल्याला मात्र तेवढ्याच ठसक्यात, "साक्षीचं बोट दुमड," आणि स्वतःच त्याची तर्जनी आत घालत. मधलं बोट सरळच. मग अंगठीचं बोट उठायला कसली अडचण? व्यापाऱ्याने त्याचं बोट उठलं त्याच्या आदल्या दिवशीच पेटीभर तेल उचललं होतं, हे त्यांना तिथेच रांगेत कळलं. बाबांची बडबड इतकी जोरात चाललेली असे, की कुठलं बोट आत गेलं इकडे कोण बघतो! दिवसभर बोटं शिवणारे लोक हे, पण सगळे बाबांच्या तोंडाकडे बघत होते.

आत्या रांग सोडून घरी आल्या. दोघींनी मिळून एक पांढरा हातमोजा घेतला, बोटांत स्पंजाचे तुकडे भरले, पाठीवर लाल दोरे शिवले. मधल्याच्या आणि अंगठीच्या बोटाच्या दोऱ्यांना जोडणारा आडवा टाका चिऊने घातला. असा टाका घालणारी गल्लीत दुसरी कुणी नव्हती.

रविवारी बाबांची बैठक भरात आली होती. आत्या हातमोजा घेऊन सरळ स्टुलाशी गेल्या.

"बाबा, हा पापी आलाय. याला तपासा."

लोक हसले. बाबा हसले नाहीत. "बाई, थट्टा करू नका. कापडाला मन नसतं."

"तेच दाखवायचंय." आत्यांनी हातमोज्याचं मधलं बोट दुमडून टाचणीने खोचलं. तर्जनीचा दोरा ओढला, तर्जनी उठली. करंगळीचा ओढला, करंगळी उठली. अंगठीच्या बोटाचा दोरा ओढला. आडवा टाका ताणला गेला. बोट जागचं हललं नाही.

"बघा हो!" आत्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या. "या हातमोज्याने कुणावर प्रेम केलं? पाव पोकळ ठेवला? की साखर खाल्ली?"

"मी खाल्ली!" गर्दीतून ठमी म्हणाली.

आत्यांनी चिऊकडे हात केला. चिऊने कात्री काढली आणि आपणच घातलेला आडवा टाका कचकन कापला. आत्यांनी दोरा ओढला. मधलं बोट दुमडलेलंच होतं, आणि अंगठीचं बोट ऐटीत उभं राहिलं.

"कापलं पाप!" आत्या म्हणाल्या. "घरी कुणी आपल्या हातावर हा प्रयोग करू नका. ती दोरी आपल्याला लागते."

गल्ली पुटपुटायला लागली. लोक आपापले हात भिंतीवर, पाठीवर, शेजाऱ्याच्या डोक्यावर ठेवून बोटं उचलून बघायला लागले. बाबांनी झगा सावरला. "हे सामान्य लोकांचं झालं! सिद्धपुरुषाचं वेगळं. हे बघा, माझं उठतं!" त्यांनी हात ठेवला, बोट उठवलं.

"तर्जनी दुमडलीत," चिऊ म्हणाली. आवाज बारीक होता, पण ऐकू सगळ्यांना गेला. "मधलं दुमडा बाबा. घड्याळजीला दुमडायला लावलंत ना? तेच."

"मधलं! मधलं!" गल्ली ओरडायला लागली. पोस्टमन सगळ्यात जोरात. बाबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मधलं बोट दुमडलं. दात-ओठ खाल्ले. कान लाल झाले.

"बाबा," पाववाल्याने हळूच विचारलं, "मनात काय दडवलंयत?"

आणि त्याने बाबांसारखंच गप्प बसून दाखवलं.

बाबांनी काही सांगितलं नाही. पाणी पिऊन येतो म्हणाले आणि ते पाणी अजून पितच आहेत. स्टूल तिथेच राहिलं. ठमी त्यावर बसते. तेलाच्या बाटल्या कारखान्यात कामाला आल्या, यंत्रं कधी नव्हे ती गुलाबासारखी घमघमली. पाववाल्याने पाव भरीव केले, तेवढा एक फायदा मात्र बाबांच्या नावावर मांडायला हवा.

मालक पायरीवर बसून आपल्याच हाताकडे बघत होते. "ताई, तीस वर्षं," ते एवढंच म्हणाले.

"तीस वर्षं बाहेरून बघितलंस रे," आत्या शेजारी बसल्या. "तुझी चूक बोटं न कळण्यात नाही. न कळणारं विचारायचं सोडून दुसऱ्याच्या पोराला चोर ठरवलंस, ती आहे. माझ्यापाशी काय बसलास? जा, माफी माग त्याची."

पण मालकांच्या आधी चिऊ पळाली होती.

घड्याळजी दुकानातली घड्याळं कागदात गुंडाळत होता. ती दारात दिसल्यावर त्याने मान खाली घातली. "मी सारखा आठवतोय," तो म्हणाला. "खूप आठवलं. शाळेत एकीला खोडरबर दिलं होतं. पण ते तिने परत केलं गं."

चिऊला हसू आलं आणि रडूही आलं. तिने काउंटरवर आपला हात पालथा ठेवला, मधलं बोट दुमडलं. "हे बघ. माझंही उठत नाही. आत्याचं नाही, ठमीचं नाही, त्या झगेवाल्या बाबाचंही नाही." मग ती हळूच म्हणाली, "मी तुझ्यावर संशय घेतला. एक दिवसभर घेतला. मला फार वाईट वाटतंय."

घड्याळजी तिच्या हाताकडे भिंगातून बघावं तसा बघत राहिला. मग त्याने दोन बोटांच्या चिमटीत, स्प्रिंग उचलावी तसं अलगद, तिचं मधलं बोट धरलं आणि सरळ केलं.

"आता उचल," तो म्हणाला.

अंगठीचं बोट सहज उठलं. अंगठी त्याच्या खणात होतीच.

लग्नाला आत्यांनी तो हातमोजा काचेच्या पेटीत घालून भेट दिला. कापलेला टाका तसाच ठेवलाय. घरी येणारा प्रत्येकजण पेटीसमोर थांबतो, टेबलावर हात ठेवतो आणि स्वतःचं बोट उठत नाही म्हणून घाबरतो. मग चिऊ त्याला समजावते. तुम्हीही आत्ता करून बघा, लाजू नका. कुणाकुणाचं जरासं हलेलही. ज्याच्या त्याच्या दोऱ्या. पण उद्या कुणी झगेवाला तुम्हाला म्हणाला, की तुझं बोट उठत नाही कारण तुझं मन मैलं आहे, तर मन तपासायच्या आधी हाताकडे बघा. मधलं बोट दुमडायला कुणी सांगितलं होतं, ते आठवा. आणि ते सरळ करा.